फुकटचा राउटर, रोजची वैरण

दावणीचा बैल औताला जुंपला नाही म्हणून वैरण खायचा थांबत नाही. वाचकहो, तुमच्या ग्रामपंचायतीत किंवा शाळेत इंटरनेट वाटून देण्यासाठी कुणी जुना संगणक बसवणार असेल, तर ही गोष्ट आधी ध्यानात घ्या.

ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. २०१५ पासून ती ‘भारतनेट’ म्हणून ओळखली जाते. फायबर दाराशी आली की पुढे राउटर लागतो. जुन्या संगणकावर लिनक्स टाकले की तोही राउटर होतो. कामाला तो उणा नाही. नको त्या साइट अडवतो, वापराची नोंदही ठेवतो. पण विजेचे काय?

असा संगणक साधारण ६० ते ८० वॅट घेतो; सर्व्हर तर शंभराच्याही पुढे जातो. कुणी इंटरनेट वापरो न वापरो, पंखा, डिस्क, पॉवर सप्लाय आपापला वाटा घेतातच. काही सॉफ्टवेअरमध्ये तर प्रोसेसर माहितीचे पाकीट आले का, हे सारखे पाहत राहतो. पोस्टमनसाठी दिवसभर दारात येरझारा घालाव्यात तसे. लहान तयार राउटर हेच काम ८-१० वॅटमध्ये भागवतो.

हिशेब करा. ८० वॅट, चोवीस तास, वर्षभर म्हणजे ७०० युनिट. ८ वॅटचे ७०. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला सहा हजारांवर फरक पडतो. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला!

बिलाहून मोठा प्रश्न लाइट गेल्यावरचा. लोणार असो की संग्रामपूर, लाइट जाणे आपल्याला नवे नाही. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीत ८४ वॅट-तास वीज मावते. कागदावर ती संगणकाला तासभर पुरेल, लहान राउटरला दहा तास. प्रत्यक्षात दोन्ही कमीच. पीकविम्याच्या शेवटच्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला हा फरक विचारा.

जुना संगणक भंगारात काढा, असे आमचे म्हणणे नाही. शेकडो जोडण्या सांभाळायच्या, तिथे सर्व्हर शोभतो. गावात मात्र आधी वॅटमीटर लावून मोजा. आणि ग्रामसभेत उठून विचारा: यंत्र फुकट मिळाले हे ठीक, पण रोज खाते किती?