शिस्त कुठल्या डोळ्यानं घ्यायची?

गेल्या रविवारी नगरहून भाचीचा फोन आला. (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर. पण आमच्या घरात एसटीची पाटी वाचायला शिकल्यापासून 'नगर'च, सवयीला औषध नाही.) पोरगी नववीत आहे, एनसीसीत आहे, आणि एरवी फोनवर बोलायला लागली की थांबत नाही. या वेळी आवाज पडलेला.

"मामा, मला फायरिंगच्या टीममधून काढणार बहुतेक. उस्ताद म्हणतात, तुझी शिस्त चुकते."

ज्यांनी एनसीसी केलेली नाही त्यांच्यासाठी : फौजी हिंदीत 'शिस्त लेना' म्हणजे नेम धरणं. मागची खाच, पुढचं टोक आणि टार्गेट एका रेषेत आणणं. आपल्या मराठी कानाला मात्र 'शिस्त चुकते' हे वेगळंच ऐकू येतं, आणि चौदा वर्षांच्या पोरीला तर तसंच ऐकू आलं होतं. जणू काही तिनं वर्गात दंगा केला.

मी विचारलं, "डाव्या खांद्यावर घेऊ का, असं विचारलंस?" कारण कार्टी पक्की डावखुरी आहे, माझ्यासारखीच.

"विचारलं ना. म्हणाले, रायफल उजव्या हाताचीच असते."

मंडळी, या एका वाक्यावर आजचा सगळा लेख आहे. रायफल उजव्या हाताची 'असते', हे खरं आहे. पण ती झाडाला तशी लागत नाही. कुणीतरी टेबलाशी बसून ती तशी काढलेली असते.

आधी माझी हकिगत. १९९७ साली मीही असाच रेंजवर पालथा पडलो होतो. पॉइंट टू टूची रायफल, बोल्टची मूठ उजवीकडे. हुकूम : दस्ता उजव्या खांद्यात, डावा डोळा बंद. माझा डावा डोळा मिटला की उजवाही अर्धा मिटायचा. पाच गोळ्या झाडल्या, त्यातल्या दोन शेजारच्याच्या टार्गेटवर सापडल्या. त्याचा ग्रुप बिघडवल्याबद्दल मला रेंजला तीन चकरा. मी समजलो, आपला हात थरथरतो. बारा वर्षं तसंच समजत होतो.

मग २००९ मध्ये प्रोजेक्टसाठी डॅलसला होतो. टीममधले दोघे रविवारी मातीच्या तबकड्या फोडायला जायचे. मलाही घेऊन गेले. तिथं एक सत्तरीचे आजोबा नवख्यांना शिकवत होते. त्यांनी बंदूक हातात द्यायच्या आधी काय केलं, तर अंगठा दाखवायला सांगितला. तुम्हीही आत्ता करून बघा. दोन्ही डोळे उघडे ठेवा, हात लांब करा आणि अंगठा समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर धरा. आता एकेक डोळा मिटून बघा. जो डोळा मिटल्यावर अंगठा टुणकन बाजूला सरकतो, तो तुमचा मालक डोळा. नेम तो धरतो, दुसरा नुसता हजेरी लावतो.

माझा मालक डावा निघाला. आजोबांनी दस्ता डाव्या खांद्यात बसवून दिला आणि तिसऱ्या तबकडीचा भुगा झाला. बारा वर्षांचा थरथरता हात पाच मिनिटांत बरा! मला हसावं की रडावं कळेना.

पण गोष्ट इथं संपत नाही. त्यांच्याकडे शिल्लक होती ती एक जुनी सेमी-ऑटोमॅटिक, उजव्या हाताची. दुपारपर्यंत माझ्या चष्म्याच्या उजव्या काचेवर काजळी जमली, गालावर बारीक कण टोचत होते, आणि दर बाराला लालभडक पुंगळी डोळ्यांसमोरून जात होती. चौथ्या-पाचव्या बारापासून मी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागलो. नेम पुन्हा गेला. म्हणजे डोळा बरोबर मिळाला, तर बंदूक चुकीची.

हे का होतं ते नीट सांगतो. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये बार उडाला की त्याच्याच जोरावर बोल्ट मागं येतो, रिकामी पुंगळी बाजूच्या खिडकीतून बाहेर फेकतो आणि पुढचं काडतूस आत ढकलतो. ही खिडकी उजव्या अंगाला असते. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा गाल दस्त्याच्या डाव्या अंगाला, म्हणजे सगळी आतषबाजी पलीकडे. डाव्या खांद्यावर घेतली की तीच खिडकी तोंडाच्या बाजूला येते. पुंगळी बहुतेक वेळा तोंडावर आदळत नाही, पुढं-उजवीकडं जाते. पण जाते ती नाकासमोरून, आणि वायू, काजळी, न जळलेल्या दारूचे कण यांना पत्ता विचारावा लागत नाही. त्यात खटका बहुधा उजव्या तर्जनीच्या सोयीनं. आणि दस्ता किंचित उजवीकडं वाकवलेला असतो, म्हणजे उजवा डोळा आपसूक नळीच्या रेषेत यावा. डावखुऱ्याच्या बाबतीत तोच वाक त्याला रेषेबाहेर ढकलतो.

आमच्या धंद्यात याला हार्डकोड करणं म्हणतात. एखादी गोष्ट वापरणाऱ्यागणिक बदलू शकते हे माहीत असून प्रोग्राममध्ये एकच किंमत ठोकून द्यायची, आणि दहातल्या एकाचं काम अडलं की 'युजर ट्रेनिंग कमी पडलं' असं मेलमध्ये लिहायचं. होय, डावखुरे साधारण दहात एक असतात. दहातल्या एका ग्राहकाला लॉगिन होत नसतं तर कुठल्याही मॅनेजरची झोप उडाली असती.

बरं, हे सुटणारं नाही का? सुटून जमाना झाला. इथाका कंपनीची मॉडेल ३७ ही पंप बंदूक १९३७ सालची. तिची पुंगळी खालून पडते, डावा-उजवा प्रश्नच नाही. मॉसबर्ग ५०० चा खटका दस्त्याच्या मानेवर मधोमध, कुठल्याही अंगठ्यानं सरकवा. रेमिंग्टनची ११०० ही गाजलेली सेमी-ऑटोमॅटिक १९६३ मध्ये आली आणि पुढे तिची डावखुरी आवृत्तीही निघाली. बेनेलीही काही मॉडेलं डावखुऱ्यांसाठी बनवते. ऑस्ट्रियाची स्टायर एयूजी रायफल १९७७ ची : बोल्ट बदला, खिडकीचं झाकण दुसऱ्या बाजूला लावा, झाली डावखुरी. आपल्या विशेष दलांकडं असलेली इस्रायली टॅव्होरही अशीच फिरवता येते. अमेरिकनांनी एम-१६ च्या ए-टू आवृत्तीत खिडकीमागं नुसता एक उंचवटा ठेवला, पुंगळी त्याला आपटून पुढं उडते. एक उंचवटा! उलट इंग्रजांनी १९८५ मध्ये एसए-८० आणली. ती डाव्या खांद्यावरून मारताच येत नाही, म्हणून त्यांच्या सगळ्या डावखुऱ्या सैनिकांना उजवं व्हावं लागलं.

आता तुम्ही म्हणाल, नगरला कुठं आल्यात सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनी? बरोबर आहे. आपल्या शस्त्र नियमांत ती निर्बंधित वर्गात मोडते, साध्या परवान्यावर मिळत नाही. राहुरीकडे आमच्या थोरल्या काकांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची दुनळी होती. मक्यात रानडुकरं शिरली की रात्री हवेत एक बार, निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. काकाही डावखुरे. जेवायचे उजव्यानं, कारण आजीचा धाक. बंदूक मात्र डाव्या खांद्यावर. त्यांना कधी त्रास झाला नाही, कारण दुनळी मोडायची आणि पुंगळ्या हातानं काढायच्या. तोंडावर काही उडतच नाही. काकांना कुणी हक्क दिला नव्हता, त्यांचं नशीब की हत्यार जुनं होतं.

पण नगर म्हणजे काही नुसत्या काकांच्या दुनळ्या नाहीत. हे लष्कराचं गाव आहे. आर्मर्ड कोअरचं केंद्र इथं, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथं, खारे कर्जुन्याच्या रेंजवरचे आवाज ऐकत आम्ही मोठे झालो. इथं जी पोरं भरती होऊन शिकतात, त्यांच्या हातात दुनळी येत नाही. पुण्यात पाषाणला एआरडीईनं घडवलेली इन्सास घ्या : दांडा डावीकडे, म्हणजे उजव्या हातानं पकड न सोडता डाव्यानं ओढता यावा. २०२१ मध्ये जिच्या सहा लाखांवर नगांचा करार झाला ती एके-२०३ घ्या : दांडा उजवीकडे. पुंगळी मात्र दोन्हींत उजवीकडंच. हौशी माणूस दुकान बदलू शकतो. जवानाला, हवालदाराला, कॅडेटला मिळेल ते घ्यावं लागतं. ज्याला निवड नाही, त्याच्यासाठीच निवडणाऱ्यानं जास्त विचार करायला हवा की नको?

यावर नेहमीची तीन उत्तरं मिळतात.

पहिलं : 'मी डावखुरा आहे, उजवी बंदूक आयुष्यभर वापरली, काही झालं नाही.' असे लोक आहेत आणि ते खोटं बोलत नाहीत. डावा हात पकडीवर ठेवून उजव्यानं बोल्ट ओढता येतो, खिडकी तोंडासमोर असल्यानं आत काडतूस आहे की नाही तेही दिसतं, हे फायदे मलाही मान्य. पण सवय झाली म्हणजे रचना बरोबर होती असं नाही. सवय तर आपल्याला खड्ड्यांचीही होते.

दुसरं : 'मनात आणलं तर हात बदलता येतो.' इथं हमखास हंगेरीच्या कारोली ताकाच यांचं नाव निघतं. १९३८ मध्ये हातबाँबनं उजवा हात गेला, डाव्यानं शिकले आणि १९४८ व १९५२ ला ऑलिंपिक सुवर्ण. मुजरा त्यांना. पण ते पिस्तूल होतं, लांब हातावर धरलेलं. गालाला लागून खिडकी नव्हती. शिवाय अपघातानं जे लादलं त्यावर मात करणाऱ्याचं उदाहरण देऊन, तेच आपण हुकमानं लादायचं, हा कुठला न्याय?

तिसरं जरा वजनदार आहे : एकसारखेपणा. शंभर जण एका ओळीत, सगळ्यांचं हत्यार, कवायत, पुंगळीची दिशा एक, म्हणजे अपघात कमी. कुणाचंही हत्यार कुणीही उचलावं. हे मी हसण्यावारी नेत नाही. उजवा डोळा मालक असलेल्या डावखुऱ्याला उजव्या खांद्यावर शिकवा, माझी काही तक्रार नाही, बहुधा त्याचं भलंच होईल. पण त्यासाठी आधी डोळा बघितला पाहिजे की नाही? हा प्रश्न फक्त डावखुऱ्यांचाही नाही. उजव्या हाताच्या कितीतरी लोकांचा मालक डोळा डावा असतो, आणि ते 'नेम नाही' असा शिक्का घेऊन घरी जातात. आणि एकसारखेपणाच हवा, तर दोन्ही बाजूंनी चालणारं हत्यार सगळ्यांना द्या. तोही एकसारखेपणाच की.

खरं सांगू? बंदूक हे निमित्त आहे. आपल्या भाषेनंच निकाल लावून ठेवलाय. सरस असतो तो 'उजवा ठरतो', बाजूला सारायचं असेल त्याला 'डावलतात'. प्रसादाला डावा हात पुढं केला की मनगटावर चापट. दहा वर्षांचं पोर मुकाट्यानं हात बदलतं आणि त्यातून एकच धडा घेतं : गडबड माझ्यात आहे. पुढं तेच पोर रेंजवर पालथं पडतं, आणि त्याची 'शिस्त' चुकते.

म्हणून माझ्या मागण्या तीनच, आणि त्यातल्या दोन फुकट आहेत. एक : एनसीसी असो, क्लब असो की भरती, पहिली गोळी देण्याआधी अंगठ्याची चाचणी. माणशी अर्धं मिनिट. दोन : मालक डोळा डावा असेल तर डाव्या खांद्यावर मारू द्या, डोळ्यांवर चष्मा सक्तीचा करा आणि लागलं तर ओळीच्या टोकाला जागा द्या. तीन : पुढच्या खरेदीच्या कागदात एक ओळ घाला, हत्यार दोन्ही खांद्यांवरून सुरक्षित चाललं पाहिजे. रिक्वायरमेंटमध्ये लिहिलेलं नसेल तर कुणीच बनवत नाही, हे मी वीस वर्षांच्या नोकरीवरून छातीठोक सांगतो.

भाचीला त्या दिवशी फोनवरच अंगठा धरायला लावला. समोर कॅलेंडर होतं. "मामा, उजवा डोळा मिटला तर तिथंच आहे. डावा मिटला की सरकला!" मग जरा थांबून म्हणाली, "म्हणजे माझी शिस्त बरोबर होती?"

तिला म्हटलं, उस्तादांशी उलट बोलू नकोस. त्यांना त्यांच्या उस्तादांनी जे शिकवलं तेच ते शिकवतायत, आणि तू बरी व्हावीस असंच त्यांना वाटतंय. 'सर, एकदा बघता का' म्हणून त्यांच्यासमोर हाच अंगठा धर, आणि पाच गोळ्या डाव्या खांद्यावरून माग. पाचच. पॉइंट टू टू बोल्टची आहे, तिथं तोंडावर काही उडत नाही, मूठ लांब पडते एवढंच. शेजारच्याच्या टार्गेटवर एक जरी गेली, तर मामा तीन चकरा मारेल. :-)

मंगळवारी फायरिंग आहे. काय होतं ते कळवतो.