कोयराची गाडी

"वेगळा करून काय उपयोग? शेवटी सगळे एकाच गाडीत!" वास्कोत ओल्या-सुक्या कचऱ्याचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येते. गाडीत कप्पे नसतील तर नगरपालिकेला जाब विचारायलाच हवा. तरीही मला ते पटत नाही, आणि त्याचे कारण नुस्ते!

सुंगटांच्या सालींची पिशवी सुक्या कचऱ्यात फुटली, की रद्दी, खोकी, दुधाच्या पिशव्या सगळे भिजून बाद. भंगारवाला त्याला हात लावत नाही. लावावा लागतो तो शेडमध्ये कचरा निवडणाऱ्या कामगाराला. चिप्सच्या चकचकीत पाकिटांसारखे ज्याचे पुन्हा काहीच होत नाही, ते गोव्यातून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांच्या भट्ट्यांत जाते. तिथेही ओले नीट जळत नाही. सड्यावर वर्षानुवर्षे कचरा साचला, आणि वास सोसला तो सडेकरांनी.

कचरा घरातच वेगळा करण्याचे बंधन २०१६ च्या केंद्रीय नियमांनी घातले. आमच्या आज्यांना ते कोणी शिकवले नव्हते. नुस्त्याचे पाणी माडाच्या आळ्यात, करट्या चुलीत. (तेव्हा प्लास्टिक नव्हते, हेही खरे.) आता फ्लॅटमध्ये माड कुठून आणायचा? म्हणून ओल्यासाठी कोयराची गाडी रोज हवी. सुका आठवडाभर घरात राहिला तरी बिघडत नाही. गाडी चुकली तर आमच्याकडे नुस्त्याची पिशवी दुसऱ्या दिवसापर्यंत फ्रीजरमध्ये असते. पाहुणे हसतात. हसोत!