निळा दिवा आणि लेखाशीर्ष

इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्ड जनरल हॉस्पिटलात १९५६ च्या उन्हाळ्यात, अपुऱ्या दिवसांच्या बालकांचा कक्ष सांभाळणाऱ्या परिचारिका जीन वॉर्ड यांनी एक गोष्ट हेरली. उन्हात नेलेल्या काविळीच्या बालकाची त्वचा उजळली होती. चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला भाग तेवढा पिवळाच राहिला होता. पुढे, उन्हात राहून गेलेल्या रक्ताच्या नमुन्यातील बिलिरुबिनही उतरलेले आढळले. १९५८ मध्ये डॉ. क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या उपचाराचा वृत्तांत प्रसिद्ध केला. इतक्या स्वस्तात लागलेले शोध वैद्यकात थोडेच असतील.

पहिल्या आठवड्यात पूर्ण दिवसांची शंभरांतली सुमारे साठ बालके पिवळी दिसतात आणि बहुतेकांची कावीळ आपोआप ओसरते. ज्या थोड्यांच्या रक्तात बिलिरुबिन बेसुमार वाढते, त्यांच्या मेंदूला मात्र कायमची इजा पोहोचू शकते; बहिरेपण आणि अवयवांवरचा ताबा सुटणे हे मग जन्माचे भोग ठरतात. निळा प्रकाश त्वचेत शिरून या द्रव्याचे रूप असे पालटतो की यकृताच्या प्रक्रियेवाचून ते शरीराबाहेर पडू लागते. उपचार वेळेवर झाला तर बालकाचे रक्त बदलण्याचा जोखमीचा प्रसंग बहुधा टळतो.

तेव्हा प्रश्न पैशाच्या टंचाईचा नसून तो कोठे खर्चावा याचा आहे. यंत्राची खरेदी भांडवली खर्चात बसते. तिची निविदा निघते, यंत्राला हार घालून छायाचित्रही काढता येते. नळीदिवे बदलणे, प्रकाशमापक विकत घेणे आणि त्याने नियमित मोजणी करणे हा आवर्ती खर्च, आणि काटकसरीची कुऱ्हाड प्रथम तेथेच पडते. जुन्या नळीदिव्याचा उपयुक्त निळा प्रकाश वापराने घटत जातो, पण डोळ्यांना तो लखलखीतच दिसतो. दिवा हातभर दूर सरकला तरी मात्रा उतरते. दिव्याखाली बालक आहे एवढ्यावरून उपचार झाला असे नोंदवहीत लिहिणे म्हणजे पाटात पाणी नसताना भिजलेले क्षेत्र मोजण्यासारखे आहे. आधुनिक एलईडी दिवे पुष्कळ अधिक टिकतात हे खरे. पण मोजणी त्यांनाही चुकत नाही.

दुसरी गफलत वेळेची. सामान्य प्रसूतीनंतर ४८ तासांनी बाळंतीण घरी जाते आणि बिलिरुबिनचा कळस बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी येतो. खाट लवकर मोकळी होणे ही रुग्णालयाची बचत दिसते, परंतु तो खर्च बुडत नाही. तो कुटुंबाच्या माथी जातो. बाळाला कोवळ्या उन्हात धरण्याचा घरोघरचा सल्ला मायेचा असला तरी मोजलेल्या मात्रेची जागा तो घेऊ शकत नाही, आणि त्यात मोलाचे दिवस जातात.

आशा कार्यकर्तीने तिसऱ्या व सातव्या दिवशी घरी जावे, अशी तरतूद २०११ पासून आहे. आजारी नवजाताला शासकीय रुग्णालयात विनामूल्य उपचार व वाहन देणारी योजनाही त्याच वर्षीची. पण सावळ्या त्वचेवरचा पिवळेपणा नुसत्या नजरेला फसवतो. तिसऱ्या दिवसाच्या भेटीला रक्ततपासणीची जोड आणि आईच्या बुडालेल्या रोजाची भरपाई यांसाठी जिल्हा आरोग्य आराखड्यात स्वतंत्र तरतूद हवी. तिच्या शेजारच्याच ओळीत प्रकाशमापक व नळीदिव्यांची रक्कम लिहावी, आणि ती अन्यत्र वळवण्यास मनाई असावी.