लसीकरण आणि बुडालेली मजुरी

२०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी आणि मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला, तेव्हा शासकीय वर्तुळांतून आणि सुशिक्षितांच्या बैठकींतून एकच निदान ऐकू आले : तेथील लोक अडाणी आहेत, लसीला घाबरतात. हे निदान मोठे सोयीचे आहे. ते एकदा मान्य केले की शासनाला पदे भरावी लागत नाहीत, मालकाला रजा द्यावी लागत नाही आणि सारा दोष रोग्याच्याच माथी बसतो. मालेगावात अफवा नव्हत्या, अविश्वास नव्हता असे कोणीच म्हणणार नाही. २०२१ मध्ये कोरोनाच्या लसीकरणात हे शहर मागे पडले, त्याला अविश्वासाचेही कारण होतेच. परंतु अविश्वास आकाशातून पडत नाही. जे शासन एरवी वस्तीकडे फिरकत नाही, ते साथ येताच सुई घेऊन दारात उभे राहिले, तर माणूस दचकणारच.

गोवर अतिशय संसर्गजन्य. शंभरांतील पंचाण्णव बालकांना दोन्ही मात्रा मिळाल्याखेरीज त्याचा फैलाव थांबत नाही. पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यावयाची. द्रावण मिसळून तयार केलेली लस चार तासांत वापरावी लागते, उरलेली फेकावी लागते. म्हणून सत्राचा वार आणि वेळ बांधलेली असते. ज्या घटकेला सत्र चालते, त्याच घटकेला मागही चालत असतो. यंत्रमागावरील कामगाराची पाळी बारा तासांची, मजुरी विणलेल्या कापडावर. घरी कांड्या भरणाऱ्या स्त्रीलाही कामाइतकाच दाम. मुलाला लस द्यायची म्हणजे अर्धा दिवस गेला, रात्री त्याला ताप आला तर दुसरा दिवसही गेला. या बुडालेल्या मजुरीचा हिशेब आरोग्य खात्याच्या कोणत्याच तक्त्यात नसतो.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सुरगाणा-पेठच्या डोंगराळ भागात, कथा निराळी दिसली तरी मूळ तेच. तेथील आदिवासी कुटुंबे हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीला, खुडणीला उतरतात. मुले बरोबर येतात, परंतु त्यांची नावे गावच्या उपकेंद्राच्या नोंदवहीतच राहतात. गावची परिचारिका पाड्यावर जाते तेव्हा झोपडीला कडी, आणि बागेजवळच्या परिचारिकेच्या यादीत ते मूल नाही. निर्यातीच्या द्राक्षांच्या पेटीचा माग बागेपर्यंत काढता येतो. ती द्राक्षे खुडणाऱ्या आईच्या मुलाचा माग काढता येत नाही!

कामाच्या जागी लस नेण्याचा विचार शासनाने केला नाही असे नाही. ११ एप्रिल २०२१ पासून कामाच्या ठिकाणी कोरोना लसीकरणाला केंद्र सरकारने परवानगी दिली. अट अशी की तेथे सुमारे शंभर पात्र आणि इच्छुक व्यक्ती असाव्यात. सातपूर-अंबडच्या मोठ्या कारखान्यांना हे जमण्याजोगे होते. मागाची छोटी शेड, बांधकामाचा तळ, बागेतली मजुरांची टोळी यांना त्या नियमात जागाच नव्हती. ज्याला संरक्षणाची गरज सर्वांत अधिक, तोच नेमका मोजणीबाहेर!

या दरीवर पूल बांधते ती परिचारिका आणि तिच्याबरोबर पायपीट करणारी आशा कार्यकर्ती. डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, सपाटीवर ५,००० मागे, आणि नागरी आरोग्य अभियानात १०,००० मागे एक परिचारिका असे प्रमाण सरकारनेच ठरवले. या अभियानांतील कित्येक परिचारिका वर्षानुवर्षे करारावर राबतात. आशा तर कर्मचारीही नव्हे, शासनाच्या लेखी ती 'स्वयंसेविका'. बालकाचे पहिल्या वर्षातील लसीकरण पूर्ण करून घेतल्याबद्दल तिला १०० रुपये ठरले. विणकराला कापडावर दाम, आशेला मुलावर दाम : पद्धत एकच. जून २०२१ मध्ये, साथ ओसरलेली नसताना, महाराष्ट्रातील आशांना संपावर जावे लागले. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातील आशांचा गौरव केला. गौरवाने चूल पेटत नाही.

पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न हमखास विचारला जातो. या देशाने पोलिओ हटवला. १३ जानेवारी २०११ नंतर वन्य पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण आढळला नाही. तो काही पोलिओची लस आपोआप घरोघर चालत गेल्यामुळे नव्हे. ती हजारो स्त्रियांनी दारोदार नेली. मग नेहमीच्या लसीकरणासाठी त्याच स्त्रियांना कायम वेतन देताना तिजोरी रिकामी कशी होते? राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशकातच आहे. जिल्ह्याला उणीव ज्ञानाची नाही, इच्छेची आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. करारावरील परिचारिकांना कायम करा आणि आशांना कर्मचाऱ्याचा दर्जा द्या. सत्राचा वार व वेळ ठरवण्याचा अधिकार वस्तीतील परिचारिकेला द्या. मालेगावचे माग शुक्रवारी बंद असतात, हे तिला मुंबईच्या मंत्रालयातून कोणी सांगावे लागत नाही. मुलाच्या लसीसाठी आईबापांना भरपगारी सुटी मिळाली पाहिजे, आणि शंभरांहून कमी मजूर असलेल्या जागीही परिचारिका गेली पाहिजे.

मालेगावने निहाल अहमद यांच्यासारखा समाजवादी नेता वर्षानुवर्षे विधानसभेत पाठवला. तो विश्वास भाषणांनी नव्हे, मोहल्ल्यातील रोजच्या वावराने मिळाला होता. आज कार्यकर्त्यांनी तोच वावर पुन्हा सुरू करावा : परिचारिकेबरोबर गल्लीत जावे, बुडालेल्या मजुरीचा हिशेब मालकापुढे मांडावा, आणि आशांच्या पुढच्या मोर्चात यंत्रमाग कामगारांचा झेंडा दिसेल असे पाहावे. मुलाची लस आणि बापाची मजुरी हे दोन लढे नाहीत.