हिरो ते सात भावांतला एक : सचिनजींचं 1982 साल आणि तुमचं दुकान

व्हिडिओत हा विषय घाईत झाला, म्हणून इथं नीट लिहितो.

मागच्या आठवड्यात धामणगाव बढेला एका फोटो स्टुडिओवाल्या दादांकडे बसलो होतो. एकेकाळी लग्नसराईत ह्यांच्याकडे तारीख मिळायची नाही. आता दिवसभरात पासपोर्ट फोटो, बस्स. म्हणाले, "सर, लोकाईच्या खिशातच कॅमेरा आला, आता आमचं काय?"

मला एकदम सचिन पिळगांवकर आठवले. हसू नका, ऐका.

चार-पाच वर्षांचे असताना राजा परांजपेंच्या 'हा माझा मार्ग एकला'मधून आलेलं हे पोर. 1975 ला 'गीत गाता चल' आला तेव्हा वय 17-18, आणि थेट हिरो. मग 'बालिका वधू', 'अंखियों के झरोखों से'. गोड चेहरा, कोवळं वय, हाच माल होता आणि तो जोरात खपत होता. पण कोवळं वय हा माल गोदामात टिकत नाही.

आता 1982 बघा. ह्या एका वर्षात तिन्ही गोष्टी सापडतात. 'नदिया के पार'मध्ये हिरो, सिनेमा तुफान चालला. त्याच वर्षी 'सत्ते पे सत्ता'मध्ये अमिताभच्या सहा धाकट्या भावांपैकी एक. आणि त्याच वर्षी मराठीत 'माय बाप', दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा. म्हणजे जुना माल खपत असतानाच नवीन दुकानाचं शटर वर केलं होतं! मंदी येऊन बसल्यावर नाही.

लोक म्हणतात, हिंदीत जमलं नाही म्हणून मराठीत आले. मला हे पटत नाही. तिकडं दुसरा कुणी बोलावेल तेव्हा काम, इकडं निर्णय स्वतःचा. 1984 ला 'नवरी मिळे नवऱ्याला', 1988 ला 'अशी ही बनवाबनवी'. नंतर टीव्हीवर 'तू तू मैं मैं'चं दिग्दर्शन. तिथं तर चेहरा बायकोचा आणि रीमाताईंचा, हे कॅमेऱ्यामागं. 2015 ला 'कट्यार काळजात घुसली'मध्ये खाँसाहेब, वय 58. तो गोड पोरगा कुठं दिसतो का त्यात?

एक खरं सांगतो, नाहीतर तुम्हीच म्हणाल. त्यांचे वडील शरद पिळगांवकर निर्माते होते, 'अष्टविनायक' त्यांचाच. घरातच धंदा, ओळखी होत्या. आपल्या मोताळा तालुक्यात कापूस-सोयाबीनच्या पैशावर चालणाऱ्या दुकानदाराला तशी उशी नसते, पडला की थेट जमिनीवर. त्यामुळं "सचिनजींना जमलं, तुम्हालाही जमेल" असं मी म्हणणार नाही. पण चलती असताना शिकायला पैसा कमी आणि वेळ जास्त लागतो, तेवढं तर आपल्या हातात होतं.

दादांना विचारलं, बटण दाबण्याशिवाय काय येतं? थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "लाइट लावता येते. रडणाऱ्या लेकराला हसवता येते. अन् कोणत्या घरच्या लग्नात कोण रुसते, ते मला माहीत असते."

मोबाइलवाल्या पोराला ह्यातलं काही येत नाही. पण एडिटिंग दादांना येत नाही, ते पुण्याहून त्यांचा पोरगा करून पाठवतो, सवड मिळेल तेव्हा. तुळशीच्या लग्नाआधी दादांनी स्वतः एक लग्नाची रील कापून मला दाखवायची, असं ठरलंय. मी परत जाणार आहे.