जनुक गप्प करणारा विषाणू आणि आपला सिकलसेल

एचआयव्हीच्या विषाणूपासून तयार केलेले साधन सिकलसेल रुग्णाच्या रक्तपेशींत सोडतात, असे कोणी सांगितले तर आपल्यातले बरेच जण कानावर हात ठेवतील. बाकीचे तो मजकूर मोबाईलवर पुढे ढकलून मोकळे होतील. वाचकहो, त्याआधी हे काम नीट समजून घ्या. ज्या आजारासाठी ते झाले, तो विदर्भात आपल्या वस्त्यांमध्ये आहे. मध्य भारतातील सिकलसेलवर शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 1958 सालीच छापून आला होता. म्हणजे ही ओळख काही नवी नाही.

आईच्या पोटात असताना बाळाच्या रक्तात वेगळ्या प्रकारचे हिमोग्लोबिन असते. जन्मानंतर काही महिन्यांत ते जवळजवळ बंद होते आणि मोठ्यांचे हिमोग्लोबिन सुरू होते. सिकलसेलचा दोष या दुसऱ्या प्रकारात असतो. म्हणूनच तान्हे बाळ सहसा ठणठणीत दिसते आणि सहा महिन्यांच्या आसपास हातापायांना सूज, रडणे, ताप सुरू होतो. ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जेनेट वॉटसन यांनी 1948 मध्येच हे हेरले होते. पण गर्भातले हिमोग्लोबिन बंद कोण करते, हे कळायला पुढची साठ वर्षे गेली.

2008 मध्ये बोस्टन येथील स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेने बीसीएल11ए या जनुकाकडे बोट दाखवले. ते कसे, तर माणसाच्या रक्तपेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांतील हे जनुक गप्प केले आणि गर्भातले हिमोग्लोबिन वाढते का ते पाहिले. ते वाढले.

गप्प करणे म्हणजे काय? जनुक ही तहसील कचेरीतल्या मूळ नोंदीसारखी गोष्ट समजा. पेशी त्या नोंदीची नक्कल काढते आणि त्या नकलेवरून प्रथिन बनते. इथे मूळ नोंदीला हात लावत नाहीत. बाहेर पडणारी नक्कल तेवढी फाडून टाकतात. पेशीत अशी सोय निसर्गतःच असते. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी 1998 मध्ये ती दाखवली आणि 2006 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. मात्र फाडण्याचा हुकूम पेशीत कायम राहावा आणि तिच्या लेकी-पेशींतही उतरावा, यासाठी तो तिच्या जनुकसंचात जोडावा लागतो. हे काम एचआयव्हीच्या कुळातील विषाणू उत्तम करतात. त्यांची स्वतःची वाढ करणारी जनुके काढून टाकलेली असतात, त्यामुळे त्यांच्यापासून एड्स होत नाही. राहते ती फक्त गाडी. सामान आपण भरायचे.

मला या कामातली सर्वात शिकण्यासारखी गोष्ट वाटते ती त्यातली अडचण. बीसीएल11ए रक्ताच्या मूळ पेशींनाही लागते. सरसकट गप्प केले तर त्या पेशी शरीरात नीट रुजत नाहीत, असे प्रयोगांत दिसले. मग डेव्हिड विल्यम्स यांच्या गटाने असा हुकूम तयार केला, जो फक्त लाल पेशी तयार होतानाच वाचला जाईल. ही चूक प्रयोगशाळेत सापडली, कोणा मुलाच्या अंगावर नाही. माणसाच्या पेशींवर आधी प्रयोग का करायचे, याचे याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.

पुढे बोस्टनमध्ये सहा रुग्णांवर उपचार झाले, त्यांचे निकाल 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. गर्भातले हिमोग्लोबिन वाढले आणि गंभीर त्रास थांबला किंवा कमी झाला. रुग्ण सहाच होते, हे विसरू नये. शिवाय आधी तीव्र केमोथेरपी घ्यावी लागते, त्यात वंध्यत्वाचा धोका असतो. विषाणू जनुकसंचात भलत्या जागी शिरला तर कॅन्सरची भीती असते, म्हणून रुग्णांवर अनेक वर्षे लक्ष ठेवावे लागते.

आता पैशाचे बोलू. याच बीसीएल11एचा धागा धरून, पण विषाणूऐवजी जनुक-कात्री वापरून केलेल्या कॅसजेवी या उपचाराला अमेरिकेत डिसेंबर 2023 मध्ये मान्यता मिळाली. किंमत 22 लाख डॉलर, म्हणजे 18 कोटी रुपयांच्या पुढे. उमरेडच्या किंवा भंडाऱ्याच्या मजुराने हा आकडा वाचून काय करायचे?

तरीही 'हे आपल्यासाठी नाही' म्हणून पान उलटणे मला मान्य नाही. भारतीय रुग्णांत गर्भातले हिमोग्लोबिन सरासरीने आफ्रिकन वंशाच्या रुग्णांपेक्षा जास्त आढळते, तरी विदर्भात तीव्र त्रास असलेली मुले कमी नाहीत. हे असे का, याचा शोध आपल्याच रुग्णांच्या पेशींवर, आपल्याच सरकारी प्रयोगशाळांत झाला पाहिजे. रक्त देताना ते कशासाठी घेता, निकाल आम्हाला कळेल का, उपचार निघाला तर तो आमच्या दवाखान्यात मिळेल का, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. आपली शिकलेली मुले-मुली अशा प्रयोगशाळांत फक्त नमुना म्हणून नव्हे, संशोधक म्हणून गेली पाहिजेत.

जुलै 2023 मध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. 17 राज्यांतील आदिवासी भागांत सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट. आदिवासी बांधवांना हे खूप आधी मिळायला हवे होते, त्याबद्दल दुमत नाही. पण सिकलसेल जातीचा दाखला पाहून येत नाही. नागपूर-चंद्रपूरच्या बौद्ध वस्त्यांतही तपासणीची शिबिरे तितक्याच नेटाने लागली पाहिजेत, आणि ही मागणी आपल्याच संघटनांनी लेखी केली पाहिजे.

तोवर हातात आहे ते वापरा. सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली की तेवढ्यावर थांबू नका. वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीतच कळते. रुग्ण असेल तर डॉक्टरांना हायड्रॉक्सीयुरियाबद्दल थेट विचारा. कोट्यवधींचा उपचार जे गर्भातले हिमोग्लोबिन वाढवतो, तेच हे स्वस्त औषध दुसऱ्या वाटेने, काही प्रमाणात वाढवते. आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत ते आहे. ते रोज आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते, ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते आणि मूल होऊ देण्याचा विचार असेल तर आधी सांगावे लागते. सरकारी दवाखान्यात 'औषध संपले' असे उत्तर मिळाले, तर ते तारखेसह लिहून मागा.