न दुखणारी अक्कलदाढ काढावी का?

एक्स-रेत आडवी अक्कलदाढ दिसली की ती काढूनच टाकायची, हा शिरस्ता तपासून पाहायला हवा. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २००० सालीच बजावले होते, की विकार नसलेली अडकलेली दाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये. हिरडी वारंवार सुजणे, शेजारची दाढ किडणे ही काढण्याची खरी कारणे. खालच्या दाढेच्या मुळांलगत ओठ-हनुवटीची नस जाते. तिला इजा झाली तर बधिरपणा महिनोन्महिने रेंगाळतो, क्वचित कायमचा राहतो.

तरुणपणी मुळे पूर्ण वाढलेली नसतात, म्हणून तेव्हाच काढणे सोपे, हे म्हणणे खोटे नाही. पण त्यातून नियमित तपासणीची गरज सिद्ध होते, सरसकट शस्त्रक्रियेची नव्हे. जळगाव-धुळ्यात तर आणखी सावध राहायला हवे. २०१२च्या राज्यव्यापी बंदीनंतरही गुटखा सुटलेला नाही. तोंड उघडेना की खापर अक्कलदाढेवर फुटते. प्रत्यक्षात सुपारी-गुटख्याने गाल आतून ताठरलेले असू शकतात, आणि ती कर्करोगाची पूर्वसूचना ठरू शकते. तोंडात तीन बोटे उभी मावत नसतील, तर आधी त्याचे निदान व्हावे. धुळ्यात दंत महाविद्यालय आहे. दुसरे मत घेणे खानदेशात अशक्य नाही. ‘का काढायची?’ हे रुग्णाने विचारावे आणि डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून समजावून सांगावे.